गाण्याचा अर्थ कसा लावावा: ऐकण्यापासून टिपणापर्यंतची पद्धत

एखाद्या लोकप्रिय गाण्याचा अर्थ विचारला, की बहुतेक वेळा उत्तरादाखल त्या गाण्याच्या जन्माची एक गोष्ट ऐकायला मिळते: कवीला अमुक दुःख झाले होते, संगीतकाराशी तमुक वाद झाला होता, आणि त्यातून हे गाणे आले. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यामुळे गाण्यातील एकाही ओळीचा उलगडा होत नाही, हे मात्र लक्षात येत नाही. दुसरी सवय याच्या उलट टोकाची आहे. ध्रुवपदातील एक ओळ उचलायची, ती सुविचारासारखी भिंतीवर टांगायची आणि उरलेली कडवी विसरून जायची. या दोन्ही सवयींतून सुटण्यासाठी मी ज्या क्रमाने गाणे वाचतो, तो क्रम पुढे दिला आहे. त्याच्या मुळाशी एकच आग्रह आहे. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न शेवटी विचारावा आणि 'हे कोण, कोणाला, कुठल्या क्षणी म्हणत आहे?' हा प्रश्न त्याआधी विचारावा.

पहिली पायरी: शब्द पक्के करणे

अर्थ लावण्यापूर्वी, ज्याचा अर्थ लावायचा तो मजकूर खरोखरच गाण्यातला आहे ना, याची खात्री करावी. ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून ती सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. गाणे दोनतीन वेळा ऐकून शब्द स्वतःच्या हाताने लिहून काढावेत. जिथे ऐकू आले नाही तिथे अंदाज न करता रिकामी जागा सोडावी, आणि मगच छापील संग्रह, ध्वनिमुद्रिकेसोबतची पुस्तिका किंवा कवीचे मूळ पुस्तक यांच्याशी ताडून पाहावे. महाजालावर सापडणारे शब्द पुष्कळदा कोणीतरी कानाने टिपलेले असतात आणि एकाची चूक दहा ठिकाणी जशीच्या तशी उतरलेली असते. त्यामुळे दहा ठिकाणी एकच पाठ दिसला, तरी ते दहा साक्षीदार आहेत असे समजू नये.

कानाची ही फसवणूक जगभरची आहे. सिल्व्हिया राइट या अमेरिकी लेखिकेने 1954 साली हार्पर्स मासिकातील एका लेखात आपली लहानपणची आठवण लिहिली. एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यात, सरदाराला मारून हिरवळीवर टाकले, अशा अर्थाचे शब्द होते. ते तिला असे ऐकू आले की, सरदाराबरोबर 'लेडी माँडेग्रीन' नावाची कोणी स्त्रीही मारली गेली. तेव्हापासून अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'माँडेग्रीन' हेच नाव पडले. मराठीत तर चालीमुळे शब्द जिथे तुटतो तिथे अर्थ उलटाही होऊ शकतो. 'नाते उरले' या शब्दांत संबंध टिकून आहे. गायकाने पहिल्या अक्षरावर थोडे थांबून 'ना ते उरले' असे म्हटले, तर जे होते ते संपले. कागदावर एका मोकळ्या जागेचा फरक आहे, पण अर्थाच्या दृष्टीने दोन वेगळी गाणी होतात.

याच पायरीवर गाळलेली कडवीही शोधावीत. पुस्तकातील कविता गाणे होताना अनेकदा आखूड होते, आणि जे गळले त्यात कधीकधी सगळा रोख असतो. वुडी गथ्री यांनी 1940 साली लिहिलेले 'धिस लँड इज युअर लँड' हे गाणे आज अमेरिकेत देशप्रेमाचे सोज्ज्वळ समूहगीत म्हणून गायले जाते. त्यातील खासगी मालकीच्या पाटीवर आणि मदतीसाठी रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्या माणसांवर बोट ठेवणारी कडवी मात्र सहसा गायली जात नाहीत. ती कडवी जागेवर ठेवून पुन्हा वाचले, की 'ही भूमी तुझी आणि माझी' हे विधान राहत नाही, तो एक टोकदार सवाल होतो.

दुसरी पायरी: अन्वय लावणे

आता प्रत्येक ओळ साध्या गद्यात मांडावी. कर्ता कोण, क्रियापद कोणते, विशेषण कोणाला लागले आहे, हे ठरवावे. गाण्यात शब्दांचा क्रम उलटापालटा असतो, विभक्तिप्रत्यय गळतात आणि क्रियापद अध्याहृत राहते. त्यामुळे वर्षानुवर्षे पाठ असलेल्या गाण्याचाही अन्वय आपल्याला लागलेला नाही, असा शोध या पायरीवर हमखास लागतो. 'जग' हा शब्द नाम आहे की 'जगणे'चे आज्ञार्थी रूप, हे वाक्य लावल्याशिवाय ठरत नाही. 'काळ' म्हणजे वेळ की मृत्यू, हेही तसेच. 'निरोप' हा शब्द तर मला विशेष प्रिय आहे, कारण त्याचा अर्थ सांगावाही होतो आणि रजा देणेही होतो. कसलेला गीतकार हे दोन्ही अर्थ एकाच ओळीत जागे ठेवतो आणि आपण त्यातला एक निवडून दुसऱ्याला झोपवून टाकतो.

जुना किंवा बोलीतला शब्द अडला, तर त्याचा आजचा अर्थ गृहीत न धरता जुन्या कोशात पाहावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 साली आली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे शब्द तपासायला तो अजूनही उपयोगी पडतो.

मराठी क्रियापद आणखी एक गोष्ट फुकट सांगून जाते, ती म्हणजे बोलणाऱ्याचे लिंग. 'मी आलो' आणि 'मी आले' यांतील फरक इंग्रजी गाण्यात दिसणारच नाही. मात्र गाणाऱ्याचा आवाज आणि गाण्यातील 'मी' यांत गल्लत करू नये. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिणींमधील 'मी' ही विरहाने व्याकूळ झालेली स्त्री आहे, रचणारा पुरुष आहे, आणि आज ती रचना कोणीही गाऊ शकते. त्यामुळे बोलणारी व्यक्ती कोण हे ओळींतूनच ठरवावे लागते.

तिसरी पायरी: बोलणारा, ऐकणारा, प्रसंग

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहावेत: बोलणारा कोण आहे, तो कोणाशी बोलतो आहे, आणि हे बोलणे कुठल्या क्षणी चालले आहे? उत्तरे गाण्यातील शब्दांवरूनच द्यावीत आणि ज्या शब्दावरून उत्तर मिळाले, तो शब्द शेजारी नोंदवावा. 'स्वतःशी बोलतो आहे' हेही उत्तर असू शकते, आणि बोलणारा मध्येच बदलतो असेही होऊ शकते.

गीतरामायणाइतके याचे स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. ग. दि. माडगूळकरांची 56 गीते सुधीर फडके यांच्या संगीतात पुणे आकाशवाणीवरून 1955 पासून वर्षभर प्रसारित झाली, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक गीत रामकथेतील कोणा ना कोणा पात्राच्या तोंडी आहे. माणूस पराधीन आहे असे सांगणारी त्यातील प्रसिद्ध ओळ आपण कोणाच्याही अपयशावर उपदेश म्हणून वापरतो. गीतात मात्र ती राम भरताला उद्देशून म्हणतो. आपल्यामुळेच मोठ्या भावाला वनवास घडला, या विचाराने होरपळणाऱ्या धाकट्या भावाला दोषमुक्त करण्यासाठी ते शब्द आलेले आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच 'कोणाचाच दोष नाही' असे म्हणतो आहे. प्रसंग काढून घेतला, की उरते ते दैववादाचे एक साधे सूत्र. प्रसंग परत जोडला, की तेच शब्द मायेचे होतात.

बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचे दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या 1984 च्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.' या गाण्याचे ध्रुवपद घोषणेसारखे आहे आणि लाखो लोकांनी ते तसेच, मुठी वळून म्हटले. कडव्यांत मात्र व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला एक कामगार बोलतो आहे, त्याला काम मिळत नाही आणि त्याची कोणी दखल घेत नाही. याच गाण्याची हवा असताना त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील प्रचारसभेत, गाण्याचे नाव न घेता, स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला होता. ध्रुवपद ऐकणारे चुकीचे ऐकत होते असे म्हणणे मला पटत नाही, कारण वाद्यमेळ त्यांना तिकडेच नेत होता; पण घोषणा देणारा कोण आहे हे कडव्यांनी सांगितल्यावर त्याच घोषणेत कडवटपणा मिसळतो.

यातून एक उपयोगी सराव निघतो. ध्रुवपद एका स्वतंत्र चिठ्ठीवर लिहावे आणि प्रत्येक कडव्यानंतर ती चिठ्ठी वाचून, आता या शब्दांचा अर्थ काय झाला, ते एका वाक्यात टिपावे. चांगल्या गाण्यात शब्द तेच राहतात आणि अर्थ पुढे सरकतो. तीन कडव्यांनंतरही टिपण अगदी तेच राहिले, तर बहुधा आपण कडवी नीट वाचलेली नाहीत. क्वचित गाणेच तेवढ्या ताकदीचे नसते.

चौथी पायरी: रचनेचा प्रकार ओळखणे

गझलेतील प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो. यमक आणि अन्त्यपद यांनी ते एकत्र बांधलेले असतात, कथेने नव्हे. त्यामुळे पाच शेरांतून एकाच प्रेमप्रकरणाची सलग हकिकत काढण्याचा खटाटोप करू नये. भारुडाचे नेमके उलट असते. तिथे वरवर एक गमतीदार प्रसंग चालतो आणि आतून दुसरेच बोलणे चालते. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात तर कुलूप आणि किल्ली शेजारीशेजारी ठेवली आहेत: चावणारा विंचू म्हणजे काम आणि क्रोध, हे भारूडच सांगते आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे, हेही तेच सांगते. रूपक आहे असे म्हणण्यासाठी असा काही तरी आधार मजकुरात हवा. तो नसताना 'नदी म्हणजे जीवन, नाव म्हणजे देह' असे समीकरण प्रत्येक गाण्याला लावणे हा आळस आहे.

पाचवी पायरी: चाल आणि शब्द वेगळे करून पाहणे

शब्द चालीशिवाय मोठ्याने वाचावेत, मग शब्द सोडून नुसती चाल गुणगुणावी, आणि दोन्ही एकच भाव सांगतात का ते पाहावे. दुःखाचे शब्द नाचऱ्या चालीत असतील, तर ती विसंगती अर्थाचाच भाग समजावी. गायक कोणत्या शब्दावर रेंगाळतो आणि कोणती ओळ पुन्हा पुन्हा घेतो, याची नोंद करावी. पुनरावृत्तीत गायकाने लावलेला अर्थ ऐकू येतो, आणि तो कवीच्या अर्थाहून निराळाही असू शकतो.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक गाण्यांत चाल आधी होते आणि तिच्या मात्रांवर शब्द बसवले जातात. पॉल मॅकार्टनी यांना 'येस्टरडे'ची चाल आधी सुचली आणि खरे शब्द मिळेपर्यंत त्या जागी त्यांनी अंड्यांच्या एका पदार्थाचे नाव घालून ठेवले होते. अशा गाण्यात एखादे 'रे', 'गं', 'हो' किंवा यमकासाठी आलेला एखादा शब्द केवळ जागा भरण्यासाठी आलेला असू शकतो. प्रत्येक अक्षरात तत्त्वज्ञान शोधणाऱ्याने आधी मात्रा मोजून पाहाव्यात.

सहावी पायरी: काळ, निमित्त आणि कर्त्याची साक्ष

बाहेरची माहिती आता आत घ्यावी, त्याआधी नाही. ती आधी घेतली, तर आपण ओळी वाचत नाही, माहितीची पडताळणी करत बसतो. मात्र काही गाण्यांना ही माहिती अत्यावश्यक असते. बिली हॉलिडे यांनी 1939 साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'स्ट्रेंज फ्रूट'मध्ये झाडाला लटकणाऱ्या विचित्र फळाचे वर्णन आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात जमाव कृष्णवर्णीय माणसांना ठार करून झाडाला टांगत असे, हे माहीत नसलेल्या श्रोत्याला फळाची ओळख पटायला वेळ लागेल. माहीत असलेल्याला पहिल्याच ओळीत श्वास अडकल्यासारखे होते.

कर्त्याने स्वतः सांगितलेला अर्थ ही एक साक्ष आहे, तो निवाडा नव्हे. बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 1967 मधील 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' या गाण्याच्या शीर्षकातील आद्याक्षरे जुळवून ते एलएसडी या अमली द्रव्याचे गुणगान आहे, असे सर्वत्र बोलले गेले. गाण्याचे एक कर्ते जॉन लेनन यांचे म्हणणे असे होते, की त्यांच्या लहान मुलाने शाळेतून आणलेल्या, वर्गमैत्रिणीच्या चित्रावरून ते नाव आले. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शीर्षक कुठून आले, याबाबत लेनन यांची साक्ष मोलाची आहे. गाण्यातील तरंगती, रंगांचा स्फोट झालेली दृश्ये त्या काळातील श्रोत्यांना कशाची आठवण करून देत होती, हा मात्र निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर चित्रात नाही. आद्याक्षरांची जुळणी दोन्ही प्रश्नांना निरुपयोगी आहे.

जन्मकथा तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे तारखा ताडणे. ज्या घटनेवरून गाणे सुचले असे म्हणतात, तिच्याआधीच ते छापले गेले असेल, तर कथा तिथेच संपते.

सातवी पायरी: एक गाणे पूर्ण वाचून पाहणे

वरील क्रम वापरून दाखवण्यासाठी एक छोटे गीत इथे मुद्दाम रचले आहे. त्याला जन्मकथा नाही, हा त्याचा फायदा आहे.

निरोप तुझा आला नाही,
दार मी लावले नाही.

उंबऱ्याशी भिजले पाऊल, अंगणात पाऊस होता;
'येतो' इतकेच म्हणालास, हातामध्ये कंदील होता.

लेक विचारी, 'सांग आई, दार रात्री का उघडे?'
'वारा येतो आत' म्हणुनी हसते मी तिच्याकडे.

आज निघाली लेक दूर, अंगणात तोच पाऊस;
वळून म्हणाली, 'आई, आता दार तेवढे लावू नकोस.'

अन्वयात अडचण एकच आहे: पाऊल कोणाचे भिजले, ते सांगितलेले नाही. जाणाऱ्याचे असेल, किंवा त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत आलेल्या स्त्रीचे असेल. दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात. बोलणारी स्त्री आहे, हे दुसऱ्या कडव्यातील 'आई' या हाकेवरून ठरते. ऐकणारा निघून गेलेला पुरुष आहे, हे 'म्हणालास' या रूपावरून ठरते, म्हणजे सगळे बोलणे अशा माणसाशी चालले आहे, जो ऐकायला हजर नाही. तो नवरा आहे, असे आपण 'लेक' या शब्दावरून समजतो. हा अंदाज जवळचा आहे, तरी तो अंदाजच म्हणून नोंदवावा. बोलण्याचा क्षण लेक निघून गेल्यानंतरचा आहे, कारण तिसऱ्या कडव्यात 'आज' येते.

'येतो' या शब्दापाशी थांबायला हवे. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्यामुळे त्याने परतण्याचे वचन दिले होते की फक्त रीतीप्रमाणे बोलला होता, हे गीत ठरवत नाही आणि त्या स्त्रीलाही ठरवता आलेले नाही. 'निरोप' तसाच दुहेरी आहे: त्याचा सांगावा आला नाही, आणि त्याने धड रजाही घेतली नाही.

आता ध्रुवपदाची चिठ्ठी. सुरुवातीला उघडे दार म्हणजे वाट पाहणे. दुसऱ्या कडव्यानंतर ते एक गुपित होते, कारण मुलीला खरे कारण सांगितलेले नाही. तिसऱ्या कडव्यानंतर कळते, की मुलीला वाऱ्याचे कारण कधीच पटले नव्हते, आणि ती तेच दार आता स्वतःसाठी उघडे ठेवायला सांगते आहे. तिच्या बोलण्याचा दुसरा अर्थही लागतो: 'मी गेल्यावर तू आशा सोडू नकोस.' 'आता' या शब्दाने पहिल्या अर्थाला बळ मिळते, 'तेवढे' या शब्दाने दुसऱ्याला. मी पहिला अर्थ पुढे ठेवीन आणि दुसरा खोडणार नाही.

कोणी म्हणेल, की तो सैनिक होता आणि रणांगणावर पडला. मजकुरात सैन्याचा, युद्धाचा किंवा मृत्यूचा एकही शब्द नाही. फक्त कंदील आहे, म्हणजे निघताना अंधार होता. ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातील कोणी आठवत असेल, तर ती आठवण खरीच आहे, पण टिपणात तिची जागा निराळी असावी. मी कागदाचे तीन रकाने करतो: शब्दांतून निघणारे, बाहेरच्या माहितीतून कळलेले आणि माझ्याकडून आलेले. सैनिक तिसऱ्या रकान्यात जातो.

शेवटी, आपल्या अर्थात न बसणारी ओळ शोधावी. या गीतात ती 'हसते मी' ही आहे. वाट पाहून थकलेली स्त्री मुलीकडे पाहून हसते, हे सरळ दुःखाच्या वाचनात बसत नाही. ते हसू लपवण्याचे आहे असे म्हणता येते. वाट पाहणे ही तिची आता सवय झाली आहे आणि तिचे दुःख बरेच निवले आहे, असेही म्हणता येते. गीत गाणाऱ्याला या ओळीवर आवाज कसा लावायचा हे ठरवावेच लागेल, आणि दोन गायिकांनी तो वेगवेगळा लावला, तर दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकून पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.